नमुना मधून घ्यायचा

राळेगावात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. ते ओट्यावर एका वाटीत हिरवं काहीतरी कालवत बसले होते. मान वर करून त्यांनी मला चपलांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर दोनदा चोळला आणि विचारलं, "गाव कोनतं?" मी राजूर म्हटलं. त्यांनी पुन्हा बोटं चोळली. "कोळशातली हाये म्हना. एफएक्यू. खोली वर हाये, पाहून घ्या." आणि ते परत वाटीत बघायला लागले.

एफएक्यू ही शिवी आहे की आजार हे मला ठाऊक नव्हतं. भूमी अभिलेखच्या कचेरीत मी नुकती बदलून आले होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या शिपायाने उलगडा केला. हे गृहस्थ कापूस खरेदी केंद्रावर जन्मभर ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत धरायचा, धागा ओढून पाहायचा, ओलावा बोटांना किती लागतो ते बघायचं आणि ग्रेड सांगायचा, एवढंच त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बोटं निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या जगात चारच ग्रेड होते. सगळ्यात वर सुपर. मग एफएक्यू, म्हणजे बिनतक्रार घेण्याजोगा माल. त्याखाली फरतड, म्हणजे हंगाम संपल्यावर शेताला पुन्हा पाणी देऊन काढलेला, आखूड धाग्याचा, जीव नसलेला कापूस. आणि तळाला कवडी, म्हणजे किडीने डागाळून पिवळा पडलेला. माणसं, भाज्या, भाषणं, एसटीच्या गाड्या, चहा, सगळं या चारांत बसायचं. सुपर हा ग्रेड त्यांनी माझ्यासमोर फक्त एकदा दिला आणि तोसुद्धा कोथिंबिरीच्या एका जुडीला.

गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं. खरं नाव फाटकाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर वेल चढला होता आणि तो बाजूला करायची कुणाला गरज पडली नव्हती. मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला आधी मॅडम म्हणायचे, मिक्सरच्या भांडणानंतर पोरी म्हणायला लागले. ते भांडण येईलच.

त्यांचं एकच शास्त्र होतं: नमुना मधून घ्यायचा. गाडीवर वरचा थर सगळेच चांगला लावतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते केंद्रावर कापसात खांद्यापर्यंत हात घालून मधली मूठ बाहेर काढत. हे शास्त्र त्यांनी पुढे सगळ्या जगाला लावलं. बाजारात टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळाकडचा टोमॅटो काढत, त्यामुळे भाजीवाल्या त्यांना लांबून बघितलं की टोपलीवर फडकं टाकत. लग्नाच्या पंगतीत भाताचं घमेलं आलं की वाढप्याला म्हणत, कडेनं नको, मधून घाल. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत. पहिलं पान म्हणजे गाडीचा वरचा थर, तिथं काही खरं नसतं. हे मात्र मला अजून पटतं.

तर वाटीतलं ते हिरवं. ते जेवण होतं आणि ज्याचं होतं त्याचं नाव बोंड.

बोंड हा नऊ वर्षांचा पांढरा ससा होता. म्हणजे पांढरा असावा असं मानायचं. मी कोळशाच्या धुळीत वाढले, पांढऱ्या वस्तूवर माझा मुळात विश्वास नाही, पण हा ससा राजूरलाही मळका ठरला असता. एक कान उभा, एक पडलेला. डाव्या डोळ्याला सतत पाणी. मागचे पाय आखडलेले, त्यामुळे तो उड्या मारायच्या ऐवजी सरकायचा. पण त्याचा खरा आजार दाढांचा होता. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि चावून चावून झिजतात. बोंडाच्या दाढा वाकड्या वाढल्या होत्या, त्यांची टोकं गालाला टोचायची. समोर गवत टाकलं की तो धावत, म्हणजे सरकत यायचा, काडी तोंडात घ्यायचा आणि तोंड वाकडं करून खाली टाकायचा. भूक आहे, अन्न आहे आणि खाता येत नाही. हे बघणं फार वाईट असतं. मला ससे आवडत नव्हते तरी मला वाईट वाटायचं.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून आत पाहिलं होतं आणि प्रामाणिकपणे सांगितलं होतं की माझा हात म्हशीच्या मापाचा आहे. मग काकांनी त्याला टोपलीत घालून नागपूरला नेलं, दाढा घासून आणल्या. दुसऱ्या खेपेला तिथले डॉक्टर म्हणाले, आता या वयात गुंगी दिली तर उठेलच असं सांगता येत नाही. त्यापेक्षा गवत वाळवा, दळा, पाण्यात कालवा आणि पिचकारीने भरवा, दिवसातून चार वेळा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला की आतडी थांबतात आणि एकदा थांबली की पुन्हा चालू होतीलच असं नाही.

काकांनी हे अगदी मनावर घेतलं. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी अंगणात हराळी लावली. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला यातला वेडेपणा कळायचा नाही. आमच्याकडे माणसाचं अर्धं आयुष्य शेतातली हराळी उपटण्यात जातं. एक कांडी राहिली तरी पुढच्या वर्षी धुऱ्याच्या बांधापासून विहिरीपर्यंत हराळी. आणि हे गृहस्थ तिला वाफे करून, शेणखत घालून, सकाळ-संध्याकाळ पाणी देत होते. रस्त्याने शेताकडे जाणारी माणसं फाटकाशी थबकून बघायची आणि काही न बोलता पुढे जायची.

गणपतीच्या दिवसांत हराळीला दूर्वा म्हणतात, त्यामुळे मंडळाची पोरं एकवीस जुड्या मागायला आली. काकांनी त्यांना वाफ्याच्या कडेची जून, राठ हराळी दिली. पोरं कोवळी मागत होती. काका म्हणाले, "गनपतीले एक तरी दात धड हाये बाप्पा. याचे सारेच गेले." पोरं राठ जुड्या घेऊन गेली आणि देवानेही काही तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

कोवळी हराळी सावलीत वाळवायची. मग ती दळायची. त्यांचा मिक्सर या कामात जळाला, तेव्हा ते माझा मिक्सर पाच मिनिटांसाठी म्हणून घेऊन गेले. पाचव्या दिवशी मी तो परत आणला, शेंगदाण्याची चटणी केली आणि पहिल्या घासाला मला पोळ्याच्या बैलासारखं वाटलं. मी वाटी घेऊन तणतणत खाली गेले. काकांनी चटणी चिमटीत घेतली, बोटं चोळली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "गवताचा वास काही नाही. दाने खवट हायेत. मधून नाही घेतले तू." दाणे खरोखरच खवट होते. मिक्सर खालीच राहिला आणि मी पोरी झाले.

कालवलेलं बोंडाच्या तोंडात जाण्याआधी काकांच्या तोंडात जायचं. गुठळी राहिली का, कोमट आहे का, हराळी कडवट लागते का. जे आपल्याच्यानं खाववत नाही ते दुसऱ्याच्या तोंडात कसं घालायचं, असा त्यांचा सवाल होता. मग बोंडाला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, पिचकारीचं टोक गालाच्या कडेने आत सारायचं आणि थेंब थेंब सोडायचं. अर्धं बोंडाच्या पोटात, पाव टॉवेलवर, पाव काकांच्या मिशीवर. चार वेळा हे केल्यावर काकांचा दिवस संपायचा. गेल्या तीन वर्षांत ते एकाही लग्नाला मुक्कामी गेले नव्हते.

आणि यातून जे निघायचं त्याला ते लेंड्या म्हणत नसत, माल म्हणत. रोजचा माल ताटलीत घालून ओट्याच्या कठड्यावर वाळत ठेवायचा, मग बोटांनी फोडून बघायचा: आकार केवढा, आत धागा किती, ओलावा किती. एकदा आमच्या कचेरीतले एक वयस्कर साहेब मला काही कागद द्यायला आले, ओट्यावर टेकले आणि बोलता बोलता त्यांचा हात ताटलीकडे गेला. त्यांना ते काळे मनुके वाटले असावेत. काका शांतपणे म्हणाले, "थांबा जी. त्याचा ग्रेड व्हायचा हाये." साहेबांनी हात मागे घेतला आणि त्यानंतर मला द्यायचे सगळे कागद ते शिपायाबरोबर पाठवू लागले.

आता फोन. रोज संध्याकाळी सातला खाली फोन वाजायचा. काकांना स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नसे, त्यामुळे मला वर सगळं ऐकू यायचं आणि मी खिडकी बंद करत नसे, हेही कबूल करते. पलीकडे त्यांची मुलगी पल्लवी असायची, पुण्यात. बोलणं रोज तेच. बोंडाने किती खाल्लं. डोळा कसा आहे. माल कसा आला. काका सांगायचे: एफएक्यू आला, आज जरा बारीक आला, आज सकाळी फरतड होता पण दुपारून सुधारला. मग दोन्हीकडे शांतता. मग काका म्हणायचे, ठेवतो. ती म्हणायची, ठेवा. तू कशी आहेस नाही, तुम्ही जेवलात का नाही. मी पहिल्या महिन्यात ती सशांची डॉक्टर असावी असं समजत होते.

खरी गोष्ट मला याडीने सांगितली. याडी म्हणजे पलीकडच्या तांड्यावरची म्हातारी. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात आणि ती सगळ्या गावाचीच याडी होती. उन्हाळ्यात काकांची हराळी कोमेजली की कालव्याच्या कडेचा हिरवा भारा ती आणून द्यायची. काका भाऱ्यात हात घालून मधली मूठ काढायचे आणि ती म्हणायची, "पाहून घे, पाहून घे. माह्या बकऱ्या तुह्यापेक्षा शहाण्या, वरून खातेत." तिच्याशिवाय त्यांना असं कुणी बोलत नसे.

तर बोंड हा पल्लवीचा. कॉलेजात असताना तिने तो यवतमाळहून बुटाच्या खोक्यात आणला. आई नुकतीच गेली होती, घरात दोघंच होती. पुढे नोकरी लागून ती पुण्याला निघाली तेव्हा म्हणाली, दोन महिने ठेवा, मग घेऊन जाते. ते दोन महिने चालूच होते. मध्ये एकदा, चार वर्षांपूर्वी, ती एका मुलाला घेऊन आली. लग्न करायचं म्हणाली. मुलाचे केस मानेवर बांधलेले, पँट गुडघ्यांवर फाटलेली आणि तीसुद्धा विकत घेतानाच फाटलेली. काय करतोस विचारलं तर म्हणाला, कंप्युटरवर चित्रं काढतो. काकांनी विचारलं, ते झालं, काम काय करतोस. तो म्हणाला, तेच.

मुलगा अजून फाटकातच होता. काकांनी त्याला चपलांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, बोटं चोळली आणि पोरीकडे वळून म्हणाले, "फरतड."

मुलाला काहीच कळलं नाही. इकडे पाहुण्यांना असंच काहीतरी म्हणत असावेत असं वाटून तो हसून थँक्यू म्हणाला. पण पल्लवी ग्रेडरची पोरगी होती, हे चार शब्द ऐकतच मोठी झालेली. तिने पाठीवरची बॅग खालीच ठेवली नाही. आल्या पावली दोघं परत गेली. लग्न पुण्यात झालं, काकांना फोनवर कळलं. बोंडाला न्यायचं ती म्हणाली होती, पण भाड्याच्या फ्लॅटवाल्याने ससा चालणार नाही म्हटलं. म्हणून ससा इथं राहिला, सातचा फोन राहिला आणि बाप-लेकीत तेवढंच राहिलं.

"आता तो ससा मेला म्हंजे?" याडी भारा बांधायची दोरी गुंडाळत म्हणाली. "मंग कायले करन ते फोन? म्हनून भरवून राह्यला बुढा. सशाचं पोट नाही भरून राह्यला तो."

हे ऐकल्यावर मी मिक्सर परत मागणं कायमचं सोडलं.

तुम्ही म्हणाल, मग एक शब्द मागे घ्यायला काय झालं होतं. मीही तेच म्हटलं, एकदा काकांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, दिलेला ग्रेड बदलत नसतो. याच्यामागेही एक गोष्ट होती आणि ती राळेगावात अजून सांगतात. एका बड्या असामीचा कापूस केंद्रावर आला होता, ट्रकभर. वर दुधासारखा. काकांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली तर पाणी ठिबकलं. वजन वाढायला आत पाइप सोडला होता. काका म्हणाले, कवडी. असामी आधी हसली, मग रागावली, मग वरून फोन आले. दोन दिवस ट्रक तिथंच उभा होता आणि काका ट्रकसमोर खुर्ची टाकून बसले होते. लोक भाकरी आणून देत होते. तिसऱ्या दिवशी ट्रक परत गेला. बदललेला ग्रेड म्हणजे विकलेला ग्रेड, असं ते म्हणायचे. आता ज्याने एवढ्या मोठ्या माणसासाठी शब्द फिरवला नाही, तो एका पोनीटेलसाठी कसा फिरवणार. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचं म्हणणं खोडूनही काढता येत नसे.

मग दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी काका ओट्याच्या पायरीवरून घसरले. घसरले ते बोंडाच्याच सांडलेल्या जेवणावरून. उजवं मनगट मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला, बोटांची फक्त टोकं बाहेर. काकांना दुखत किती होतं कोण जाणे, पण डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला की बोटं चोळता येतील का.

भरवायचं काम माझ्याकडे आलं. काका बाजूला खुर्चीवर बसून सूचना देत होते: टोक कडेनं, मान वर नको करू, थेंब सोड, धार नको. मी सगळं तसंच करत होते. बोंडाने तोंड मिटलं ते मिटलं. मी कडेने सारलं की तो मान फिरवायचा, दुसऱ्या कडेने सारलं की डोळे मिटायचा. माझ्या तीन साड्या हिरव्या झाल्या. शनिवारी सकाळी त्याच्या पोटात एक चमचा गेला असेल. दुपारी तेवढंही नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन एक इंजेक्शन दिलं, पोटाला कान लावला आणि आतून आवाज कमी येतोय म्हणाले. ताटली दिवसभर रिकामी राहिली.

सातला फोन वाजला तेव्हा मी खालीच होते. मला वाटलं काका काहीतरी थाप मारतील, मी त्यांच्या जागी असते तर मारली असती. ते म्हणाले, "आज माल आला नाही." मग हात मोडल्याचं सांगावं लागलं, कारण का आला नाही हे तिने विचारलं.  मग पल्लवी म्हणाली, "आम्ही येतो."

 फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले, "पोरी, आमी म्हनली ना थे? मी येतो नाही म्हनली?" मी म्हटलं, हो, आम्हीच म्हणाली. "आमी म्हंजे दोघं," ते म्हणाले. डाव्या हाताची बोटं चोळून पाहिली त्यांनी, पण त्या हाताला सवय नव्हती.

रात्रभर प्रवास करून रविवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघं यवतमाळहून एसटीने आली. पल्लवी चप्पल काढून थेट बोंडाकडे गेली, बापाच्या प्लास्टरकडे जाता जाता एक नजर टाकली तेवढंच. जावई फाटकाच्या आत दोन पावलांवर उभा राहिला, चार वर्षांपूर्वी जिथं उभा होता साधारण तिथंच. केस अजून बांधलेले. पँट या खेपेला धड होती, बायकोने घालायला लावली असावी. त्याला कुणी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. काका खुर्चीत हराळीच्या वाफ्याकडे तोंड करून बसले होते. मीच मग म्हटलं, या ना, बसा. पण मी भाडेकरू, माझ्या म्हणण्याला कितीसं वजन. तो हसला आणि उभाच राहिला.

पल्लवीने पिचकारी घेतली. एकदा, दोनदा, चारदा. ती रडायला लागली आणि रडत रडत भरवत होती, बोंडाने दात घट्ट मिटलेले. त्याचं अंग गार लागायला लागलं होतं. काका खुर्चीतून उठले, प्लास्टरच्या हाताने पिचकारी धरायचा प्रयत्न केला, ती खाली पडली, ते पुन्हा बसले. 

तेवढ्यात जावई ओट्यावर आला. कुणाला विचारलं नाही. खाली मांडी घालून बसला, टॉवेल काढून टाकला आणि बोंडाला दोन गुडघ्यांच्या मध्ये, तोंड बाहेरच्या बाजूला करून नुसतं बसू दिलं. पिचकारी बाजूला ठेवली. थोडं कोमट पाणी मागितलं, कालवण अजून पातळ केलं, आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहिलं. हे काकांनी बघितलं, मी काकांना बघताना बघितलं. मग त्याने करंगळीवर इवलंसं घेऊन बोंडाच्या ओठाला नुसतं फासलं आणि हात मागे घेतला.

"आता याच्याकडे कुणी बघू नका," तो हळूच म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. तो म्हणाला, "खरंच बघू नका. माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणात होती. तोंड मिटलं की मिटलं. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, तिला लाज वाटायची. मग मी ओठाला लावून द्यायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो. ती खायची."

त्या ओट्यावरचं पुढचं दृश्य गावाने पाहिलं असतं तर आम्हा सगळ्यांना एकाच ग्रेडमध्ये टाकलं असतं. जावई समोरच्या तारेवरच्या चिमण्या बघत होता. पल्लवी छताचे पत्रे बघत होती. मी पाटीवरच्या वेलाची पानं मोजत होते. काका वाफ्याकडे बघत होते, डोळे न हलवता, फोटो काढताना बसतात तसे. याडी भारा डोक्यावर घेऊन फाटकाशी आली, आमच्याकडे पाहिलं, आम्ही सगळे कुठे बघतोय ते तिला कळेना, म्हणून तीही आभाळाकडे बघायला लागली.

मग एक बारीक चाटल्याचा आवाज आला. कुणी मान वळवली नाही. जावयाने न बघताच करंगळी बुडवली आणि पुन्हा ओठाला लावली. पुन्हा आवाज आला. असं तासभर चाललं. माझी मान अवघडली, पण मी वळून बघितलं नाही. मी आयुष्यात इतक्या मनापासून काही टाळलं नव्हतं.

दुपारी जावयाने त्याला पुन्हा असंच भरवलं. मधल्या वेळात त्याचं पोट तळहाताने हळूहळू चोळत राहिला. चारच्या सुमारास बोंड त्याच्या गुडघ्यांमधून बाहेर सरकला, जरा थांबला, आणि पुढे सरकला तेव्हा मागे एक काळी गोळी होती. मग अजून दोन.

काका उठले. वाकून त्यांनी एक गोळी डाव्या हातात घेतली. फोडली. उजेडात धरली. अंगठा बोटांवर चोळला, हळूहळू, आणि या खेपेला डाव्या हाताला ते जमलं. पल्लवी तोंडावर हात ठेवून उभी होती.

"एफएक्यू," काका म्हणाले.

पल्लवीने खाली बसून बोंडाला मांडीवर घेतलं. काका मात्र बसले नाहीत. ते जावयासमोर उभे राहिले, तो अजून जमिनीवरच होता, पँट हिरवी झालेली, केस सुटून खांद्यावर आलेले. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं आता हेही बोंडासारखं करणार, यांच्याकडेही कुणी बघायला नको. मी वेलाकडे तोंड फिरवलं.

"तुमचा नमुना," मागून त्यांचा आवाज आला, "म्यां वरून घेतलता."

 त्या माणसाने आयुष्यभरात हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. टोमॅटोलासुद्धा म्हटलं नव्हतं. ग्रेड त्यांनी बदलला नाही, बदललेला ग्रेड म्हणजे विकलेला ग्रेड. त्यांनी नमुनाच चुकीचा ठरवला.

जावयाला या खेपेलाही काही कळलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

पल्लवी पदराने नाक पुसत होती. "काही नाही," ती म्हणाली. "जेवून जा म्हणतात."

ती दोघं तीन दिवस राहिली. जावयाने काकांना करंगळीचं तंत्र शिकवलं, काकांनी त्याला हराळी कोवळी कशी ओळखायची ते शिकवलं. मला दोघांनी मिळून माझा मिक्सर घासून परत दिला. अजूनही चटणीला वास येतो.

बोंड त्यानंतर पाच महिने जगला. चैत्रात एका सकाळी तो हराळीच्या वाफ्यात सरकत गेला आणि तिथंच निजला, तो उठला नाही. काकांनी त्याला त्याच वाफ्यात पुरलं. संध्याकाळी सात वाजले तेव्हा मी वर खिडकीशी येऊन बसले होते. मला त्याच्या जाण्याचं वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर मला फोनची धास्ती होती. तिला दुपारीच कळवलेलं होतं. आज माल नाही, आज डोळा नाही, मग आज फोन तरी कशाला.

फोन वाजला. काकांनी उचलला. दोघंही काही बोलेनात. आत्ता ठेवतो म्हणतील, असं मला वाटलं आणि मी खिडकीची दांडी घट्ट धरली.

"तुमी दोघं जेवले काय?" काकांनी विचारलं.

पलीकडून पल्लवीने सांगितलं की अजून नाही, हे मेथी निवडतायत.

"जुडी मधून पाह्यली काय?" काका म्हणाले. "नाही पाह्यली? जवायाले दे फोन."